आपल्या ई-क्लासवर बाहेरचे गवत पेरावे का? (अंजन गवताच्या परदेशातील अनुभवावरून)

गवळाऊ (ता. आर्वी, जि. वर्धा), धागाकर्ता

नमस्कार. आमच्या गावच्या ई-क्लास (सामाईक चराईच्या) जमिनीसंबंधी पुढच्या ग्रामसभेत एक ठराव येणार आहे. जमीन साधारण साठ एकर, मुरमाड, एका अंगाला नाला. एके काळी गावचा ढोरकी (गुराखी) आखरावरून दोनशे जनावरे याच जमिनीवर नेत असे. आज तिच्या अर्ध्या भागावर रायमुनिया (घाणेरी), उरलेल्या भागावर गाजर गवत आणि नाल्याच्या काठाने बेशरम नावाची झुडपे माजली आहेत. ही सगळी साफ करून तेथे गिनी गवत पेरावे, ते लवकर वाढते आणि भरपूर चारा देते, असा प्रस्ताव आहे. प्रस्ताव मांडणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. तरीही गेल्या महिन्यापासून माझ्या मनाला स्वस्थता नाही, आणि त्याचे कारण येथे सविस्तर मांडतो.

मी कृषी विद्यालयात बावीस वर्षे शिकवले. वैरणविकास हा माझा विषय होता, आणि अंजन गवताचे बी मी स्वतः कित्येक कास्तकारांच्या पदरात घातले आहे. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहरी असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने नुकतीच काही छायाचित्रे पाठवली. सुटीच्या दिवशी वीस-पंचवीस माणसे रणरणत्या उन्हात डोंगरउतारावर सबली घेऊन गवताचे ठोंब मुळासकट उपटत आहेत आणि त्याचे तुरे पोत्यांत भरून खाली आणत आहेत, असे त्यांत दिसते. गवत मी पाहताक्षणी ओळखले. ते आपले अंजन होते. राजस्थानात ज्याच्यावर गाई जगतात, जोधपूरच्या काझरी या शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने ज्याचे वाण काढले, त्या गवताला ॲरिझोना राज्याने 2005 मध्ये उपद्रवी तण म्हणून जाहीर केले आहे.

यामागची हकिगत अशी. ॲरिझोनाचा दक्षिण भाग आणि मेक्सिकोच्या सोनोरा राज्याचा बराच भाग सोनोरन वाळवंटात येतो. 1930 च्या दशकात अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने जमिनीची धूप थांबावी आणि गुरांना चारा मिळावा म्हणून अंजनाचे बी तेथे आणले. पुढच्या दशकात केनियातून आलेल्या बियाण्याचा एक वाण टेक्सासमधून सर्वत्र गेला. मेक्सिकोत तर मोठमोठ्या क्षेत्रावरची वाळवंटी झाडझुडपे यंत्रांनी सपाट करून त्या जागी अंजनाची कुरणे केली. गवत कुरणात राहिले नाही. वाऱ्याने, गाड्यांच्या चाकांनी, रस्त्यांच्या कडेने ते डोंगरावर चढले.

त्या वाळवंटात झाडे एकमेकांपासून अंतर राखून वाढतात. मधली जमीन उघडी असते, त्यामुळे वीज पडून आग लागली तरी ती एखाद्या झुडपापाशीच विझत असे. आगीची सवय नसल्यामुळे तेथल्या वनस्पतींकडे आगीतून वाचण्याचे साधनही नाही. अंजनाने नेमकी ही मोकळी जागा भरून काढली. उन्हाळ्यात ते वाळते, पेटते आणि एका झाडाची आग दुसऱ्याकडे पोहोचवते. सग्वारो नावाचा जो उंच खांबासारखा निवडुंग आहे, त्याला पहिला फाटा फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात. तो अशा आगीत उभ्या उभ्या शिजतो. अंजन मात्र पुढच्या पावसात बुडख्यातून पुन्हा हिरवे होते आणि जळालेल्या झाडांची जागाही घेते. म्हणजे प्रत्येक आग पुढच्या आगीची सोय करून जाते.

ज्या गवताला मी आयुष्यभर चांगले म्हटले, ते तेथे एवढा नाश करते आहे, हे स्वीकारायला मला वेळ लागला. गवताचा स्वभाव दोन्हीकडे सारखाच आहे. बदलली आहे ती भोवतालची जमीन, तिच्यावर चरणारे प्राणी आणि तिच्यावरची आग. मग ज्याचा स्वभाव आपल्या मुरमावर आपण कधी पाहिलेला नाही, ते आफ्रिकेतले गिनी गवत साठ एकरांवर एकदम पेरण्याचा निर्णय आपण कशाच्या आधारावर घ्यावा? जाणकारांनी आपला अनुभव मांडावा, ही विनंती.

---

माळरान_कारंजा (जि. वाशीम)

सर, आपण फार मोलाचा विषय काढलात. एक मुद्दा जोडतो, तो अंजनालाच लागू आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेने 1973 मध्ये देशातील गवताळ प्रदेशांचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यात पाच मुख्य प्रकार मानले आहेत. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या पट्ट्याचा प्रकार अंजन, सेवण आणि मारवेलच्या जातींचा आहे. आपला दख्खनचा आणि मध्य भारताचा प्रकार शेडा-पवन्या आणि मारवेल यांचा आहे. म्हणजे अंजन भारतीय असले तरी वर्ध्याच्या माळाचे ते मुख्य गवत नव्हे. देशी आणि विदेशी अशी रेघ आपण देशाच्या सीमेवर ओढतो. गवताला ती सीमा ठाऊक नसते, त्याला माती आणि पाऊस कळतो.

आमच्याकडे कारंजा-सोहोळ हे काळविटांचे अभयारण्य आहे. अकोला-वाशीमच्या माळांवर पावसाळ्यात तणमोर हा दुर्मिळ पक्षी दिसल्याच्या नोंदी आहेत, आणि वरोऱ्याकडे माळढोक असे. या प्राणी-पक्ष्यांना गुडघ्याएवढे, मधून मोकळे असलेले गवत लागते. गिनी गवत न कापता सोडले तर पुरुषभर उंच होते आणि दाट वाढते. तेथे काळवीट धावू शकत नाही आणि मादीचे लक्ष वेधण्यासाठी तणमोराच्या नराने मारलेली उडी तिला दिसणार नाही.

---

पूर्णाथडी (ता. दर्यापूर, जि. अमरावती)

माझे मत वेगळे आहे आणि ते मी स्पष्ट मांडतो. माझ्याकडे चार म्हशी आणि एक बैलजोडी आहे. आमच्या भागात पूर्वी ज्वारीचे क्षेत्र होते, तेव्हा प्रत्येक घरासमोर कडब्याची गंजी असे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्वारी जाऊन सोयाबीन आले. सोयाबीनचे कुटार मिळते, पण त्याने कडब्याची जागा भरून निघत नाही. फेब्रुवारी ते जून या काळात जनावर जगवणे म्हणजे काय, हे ज्याच्या दावणीला जनावर आहे त्यालाच कळते. त्या वेळी म्हैस गवताचे मूळ गाव विचारत नाही.

नेपियर हे वैरणीचे गवत आम्ही धुऱ्यावर (बांधावर) लावतो. त्याने आजवर कोणाचे शेत गिळलेले नाही. मग गिनी गवताचीच एवढी धास्ती कशाला? ई-क्लासवर आज रायमुनिया आहे, जिला जनावर तोंड लावत नाही. तिच्या जागी खाण्याजोगे काही आले तर ती सुधारणाच आहे, असे मला वाटते.

---

गवळाऊ

पूर्णाथडी, आपला आक्षेप रास्त आहे आणि आपल्या दावणीचे दुःख मला परके नाही. आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) हा गवळाऊ गाईचा मुलूख. ती गाय चरून जगणारी आहे. चराई गेली तशी शुद्ध गवळाऊ घरोघरी कमी होत गेली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

नेपियरबद्दल मात्र एक भेद सांगायला हवा. आपण धुऱ्यावर लावतो तो संकरित नेपियर, म्हणजे बाजरी आणि हत्ती गवत यांचा संकर. त्याला उगवणारे बी धरत नाही, म्हणून तर आपण त्याचे ठोंब लावतो. शिवाय त्याला पाणी लागते आणि दर दीड-दोन महिन्यांनी विळा लागतो. मालकाचे लक्ष गेले की तो मागे पडतो. गिनी गवताला बी भरपूर धरते आणि ते गळून आपोआप पडते. ज्या जागी रोज कापणारा मालक आहे तेथे ते उत्तम वैरण आहे. माझ्या स्वतःच्या विहिरीजवळ दोन गुंठे आहे. ज्या साठ एकरांचा एकही मालक रोज तेथे जात नाही, तेथे ते वाळून उभे राहील, आणि मार्चनंतर उभे वाळलेले पुरुषभर गवत म्हणजे काय, हे ओळखायला फार विचार करावा लागत नाही.

हवाई बेटांवर हेच झाले. उसाची शेती बंद पडल्यावर मोकळ्या राहिलेल्या जमिनींवर गिनी गवत आणि इतर आफ्रिकी गवते माजली. ऑगस्ट 2023 मध्ये जोरदार वाऱ्यात लहैना हे गाव जळाले आणि सुमारे शंभर माणसे गेली. आगीला वारा, वीजवाहिन्या, दुष्काळ अशी अनेक कारणे जोडली गेली, पण गावाभोवती इंधन म्हणून उभे होते ते हे न कापलेले गवत.

---

बोडीकाठ (ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

आमच्याकडे माळापेक्षा पाण्याचा प्रश्न मोठा आहे, म्हणून नदी-तलावांच्या काठाबद्दल लिहितो. पूर्व विदर्भात मालगुजारी (जुन्या मालगुजारांच्या काळातले) तलाव आणि बोड्या (लहान तळी) मिळून सहा हजारांहून अधिक आहेत. त्यांतले कित्येक कोहळी समाजाने दोन-तीनशे वर्षांपूर्वी बांधले आणि ढीवर समाजाचे पोट आजही त्यांवर चालते. या तलावांच्या पोटात उथळ पाण्यात देशी पाणवनस्पती आणि गवते असत. मासे त्यांत अंडी घालत, पाणपक्षी त्यांवर बसत, आणि उन्हाळ्यात पाणी मागे हटले की त्याच ओल्या जमिनीवर जनावरे चरत. म्हणजे तलावाचा काठ हेही एक कुरणच होते.

बेशरम मूळची दक्षिण अमेरिकेची. कुंपणाला बरी म्हणून लोकांनी लावली आणि आता काठावरून पाण्यात उतरली आहे. जनावर तिला सहसा तोंड लावत नाही. अगदी चारा नसताना शेळ्यांनी खाल्ली तर त्यांच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो, त्या लटपटतात, मान वाकडी करतात आणि खंगत जातात. आमच्या वाडीत हे घडलेले आहे आणि सुरुवातीला कोणालाच कारण कळले नव्हते.

आमच्या तालुक्यातील ढीवरांच्या मच्छीमार संस्थांनी आणि त्यांतही महिलांच्या गटांनी काही तलावांतून बेशरम काढली. काढून थांबले नाहीत, तर उन्हाळ्यात तलावाच्या पोटात नांगरट करून पावसाच्या सुरुवातीला देशी पाणवनस्पती हाताने लावल्या. कोणती वनस्पती किती खोल पाण्यात येते आणि कोणता मासा कोणत्या वनस्पतीपाशी राहतो, हे ज्ञान जुन्या ढीवरांकडे होते, त्याचा उपयोग झाला. त्यानंतर देशी मासे वाढले, हे जाळे टाकणाऱ्यांनी स्वतः सांगितले आहे. नुसती काढली असती तर दोन पावसाळ्यांत बेशरम परत आली असती, कारण मोकळी केलेली जागा मोकळी राहत नसते. आपल्या ई-क्लासच्या नाल्यालाही हेच लागू होईल, असे मला वाटते.

---

अडाणकाठ (जि. यवतमाळ)

बोडीकाठ यांच्या शेवटच्या वाक्याचा उलटा अनुभव मला आहे. आमच्या गावाजवळच्या नाल्यातली बेशरम काढण्याचे काम दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने यंत्राने केले. यंत्राने झाडे मोडली, चिरडली आणि तो सगळा ढीग नाल्याच्याच काठावर लोटून दिला. आषाढात पूर आला आणि ते तुकडे खाली तीन-चार गावांपर्यंत वाहत गेले. बेशरमीच्या कांडीचा वीतभर तुकडा ओल्या गाळात पडला की तो मूळ धरतो. पूर्वी जी एका नाल्यात होती ती आता नदीच्या काठाने सलग दिसते. काम झाल्याची नोंद कागदावर आहे, आणि तिचा त्रास आम्ही नदीकाठच्या बायका रोज सोसतो, कारण धुण्याच्या आणि जनावरे पाण्यावर नेण्याच्या वाटा बंद झाल्या.

नदीचा काठ आधी मोडला, मग ही झाडे आली, हेही लिहायला हवे. आमच्या लहानपणी काठावर कांस असायचा, भाद्रपद-आश्विनात पांढरा फुलायचा. त्याची मुळे वाळू धरून ठेवत. रेतीचा उपसा सुरू झाला, ट्रॅक्टर उतरण्यासाठी काठ कापले गेले आणि कांस गेला. उघड्या पडलेल्या गाळावर सर्वांत आधी गाजर गवत आले आणि त्यामागून बेशरम.

गाजर गवताबद्दल बायकांच्या बाजूने एक गोष्ट सांगते. निंदणाला जाणाऱ्या आम्ही आहोत. उपटायचे ते आमच्याच हातांनी. माझ्या सासूबाईंच्या मानेवर, हाताच्या कोपरांच्या आत आणि पापण्यांवर दरवर्षी खाज आणि चट्टे उठत. पावसाळा संपला की बरे वाटे आणि पुढच्या वर्षी पुन्हा. सात वर्षे त्या अंगावर काढत होत्या. अखेर त्वचेच्या डॉक्टरांनी हे गाजर गवतानेच होते असे सांगितले. श्रमदानाचा ठराव करताना हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि तोंडाला रुमाल यांचा खर्च ठरावातच लिहून घ्यावा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

---

तणअभ्यासक (अकोला)

ताई, आपण लिहिलेला मुद्दा फार महत्त्वाचा आहे. ज्यांना एकदा ही ॲलर्जी झाली, त्यांनी ते उपटण्याचे काम मोजे घालूनही करू नये; दर संपर्काबरोबर त्रास वाढत जातो.

आणखी काही गोष्टी. गाजर गवत हे नावाचेच गवत आहे. त्याचे कूळ सूर्यफुलाचे. ते मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेचे; आयात गव्हाबरोबर आपल्याकडे आले असे मानतात आणि 1950 च्या दशकात पुण्यात त्याची पहिली ठळक नोंद झाली. एक झाड दहा-पंधरा हजार बिया सहज टाकते. म्हणून फुलावर येण्यापूर्वी काढणे हाच नियम. फुले आल्यावर उपटून धुऱ्यावर टाकलेले झाड तेथेही बी पिकवते. मेक्सिकन भुंगेरा हा त्याची पाने खाणारा किडा 1984 मध्ये बंगळूरला प्रथम सोडण्यात आला आणि आता आपल्याकडेही पावसाळ्यात दिसतो. तो दिसला तर त्या पट्ट्यावर तणनाशक फवारू नये. पडीत जागेत तरोट्याचे (टाकळ्याचे) बी फेकून गाजर गवत दाबण्याचा उपाय कृषी संस्था सांगतात आणि तो उपयोगी पडतो. आपण तरोट्याची भाजी खातो, पण जनावर ओला तरोटा खात नाही, त्यामुळे रस्त्याच्या कडेला तो ठीक, कुरणावर नको.

नदीकाठासंबंधी परदेशातले एक उदाहरण आपल्या चर्चेला जवळचे आहे. अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या रिओ ग्रँड नदीच्या काठावर बोरूसारखे उंच नळगवत मैलोन्मैल पसरले आहे. भूमध्य सागराकडून स्पॅनिश लोकांबरोबर ते तिकडे गेले. तेथे त्याला उगवणारे बी धरत नाही. पुरात मोडलेली कांडी खाली वाहत जाते आणि गाळात रुजते, एवढ्यावर त्याने नदी व्यापली. अडाणकाठ यांनी सांगितलेली बेशरमीची रीत अगदी तीच. त्यावर उपाय म्हणून 2009 मध्ये स्पेन-फ्रान्सकडची एक बारीक गांधीलमाशी तेथे सोडण्यात आली. ती नळाच्या कांडीत अंडी घालते आणि वाढ खुंटते. असे उपाय अनेक वर्षे तपासून, दुसऱ्या पिकाला धोका नाही याची खात्री झाल्यावरच केले जातात. गावपातळीवर कोणी एखादा किडा आणून सोडण्याचा विचारही करू नये.

एवढे निश्चित की काठावर काम नेहमी वरून खाली करावे. उगमाकडचा भाग आधी, मग खालचा. उलट केले तर दर पुरात केलेले काम पुसले जाते.

---

रानवाट (मेळघाट)

मी वनविभागाच्या कुरणविकासाच्या कामावर हंगामी मजूर म्हणून आठ वर्षे काम केले आहे. मेळघाटातील बोरी, कोहा, कुंड ही गावे पुनर्वसित होऊन बाहेर गेल्यावर त्यांची शेते मोकळी झाली. लोकांना वाटते की माणूस गेला की गवत आपोआप येते. तसे होत नाही. नांगरलेल्या जुन्या शेतावर पहिल्यांदा तरोटा, रानतुळस आणि गाजर गवत हेच येते. आम्ही ते फुलावर येण्यापूर्वी काढायचो, पुढच्या वर्षी पुन्हा काढायचो, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी कोठे जमिनीतला बियांचा साठा कमी झालेला दिसायचा. टूसॉनच्या लोकांनाही त्याच जागी वर्षानुवर्षे परत जावे लागत असणार, कारण अंजनाचे बीही जमिनीत काही वर्षे जिवंत राहते.

रायमुनिया तोडण्याची पद्धत महत्त्वाची आहे. ही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि तेथून देशभर गेली. वरून छाटली तर ती चौपट फुटवे काढते. जाळली तरी फुटते. कुदळीने तिच्या बुडाभोवतीची माती थोडी मोकळी करून, जमिनीच्या एक-दोन इंच खाली मुळाचा जो मानेसारखा भाग असतो तेथे घाव घालून तोडायची, आणि तोडलेले झुडूप मुळे वर करून उलटे ठेवायचे, म्हणजे फांद्या मातीला टेकून रुजत नाहीत. पूर्ण मूळ खणत बसण्याची गरज नाही. त्याने माती उकरली जाते आणि उकरलेल्या मातीत पुन्हा तणच येते. हे काम पावसाळ्याच्या आत, फळे धरण्यापूर्वी करावे. काढलेल्या जागेखाली पाखरांनी टाकलेल्या बिया उगवतात, म्हणून पहिल्या दोन पावसांनंतर एकदा फिरून लहान रोपे हाताने उपटावीत. लहानपणी ती सहज निघतात.

आगीबद्दलही सांगतो. आमच्याकडे मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि ती आग पुढे जाते. कुसळी, तिखाडी ही गवते आगीतून सावरतात, कारण ती पिढ्यान्‌पिढ्या आगीसोबत वाढली आहेत. मात्र दरवर्षी आग लागली की पवन्या, शेडा मागे हटतात आणि कुसळी तेवढी उरते. तिची कुसळे जनावराच्या तोंडात रुततात. आगीची सवय असणे आणि दरवर्षी आग सोसणे यांत फरक आहे.

---

पूर्णाथडी

मागचा प्रतिसाद लिहिल्यानंतर एक प्रसंग घडला, तो प्रामाणिकपणे नोंदवतो. दरवर्षी माझ्या शेतात कच्छचे रबारी मेंढ्या बसवतात. परवा त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या माणसाला मी सहज विचारले की तुम्ही एवढ्या दूर का येता. पिढ्यान्‌पिढ्यांची वाट आहे, असे ते म्हणाले, आणि मग त्यांनी बन्नीची गोष्ट सांगितली. कच्छच्या रणाला लागून असलेले बन्नी हे देशातले नामांकित कुरण होते. रण पुढे सरकू नये म्हणून 1960 च्या दशकात सरकारने तेथे विलायती बाभूळ लावली. त्यांच्या भाषेत तिला 'गांडो बावळ' म्हणजे वेडी बाभूळ म्हणतात. जनावरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बिया पसरल्या आणि गवताच्या जागी काटेरी रान उभे राहिले. मी त्यांना म्हटले की तिचा कोळसा तर विकला जातो. त्यावर ते म्हणाले, कोळसा माणूस विकतो, गाय कोळसा खात नाही.

माझी चाऱ्याची अडचण तशीच आहे, पण साठ एकरांवर एकदम अनोळखी गवत पेरण्याच्या बाजूने मी आता बोलणार नाही. फक्त देशी गवताच्या बाजूने असणाऱ्यांनी हे सांगावे की ते गवत बसेपर्यंत दोन-तीन वर्षे जमीन चराईला बंद ठेवायची झाली, तर त्या काळात शेळ्या राखणाऱ्या भूमिहीन माणसाने काय करावे? चराईबंदीचा भार नेहमी त्याच्यावरच पडतो.

---

माळरान_कारंजा

हा प्रश्न टाळून कोणतीही योजना टिकणार नाही. आमच्या शेजारच्या गावाने जमिनीचे चार भाग केले आणि दरवर्षी एकच भाग बंद ठेवला. बंद भागातले गवत आश्विन-कार्तिकात, बी थोडे गळू लागल्यावर, विळ्याने कापून नेण्याचा पहिला हक्क ज्यांच्याकडे शेत नाही त्यांना दिला. त्यामुळे राखण करण्यासाठी वेगळा माणूस ठेवावा लागला नाही. ज्यांचा हक्क होता तेच राखत.

---

गवळाऊ

काल ग्रामसभा झाली. येथील सर्वांच्या प्रतिसादांतले मुद्दे मी वहीत उतरवून नेले होते आणि जवळपास तसेच वाचून दाखवले. दोन तास चर्चा झाली. ठरले ते असे की गिनी गवत पंचायतीच्या विहिरीजवळच्या एका एकरात, कापून नेण्यासाठीच लावायचे आणि त्याला बी धरू द्यायचे नाही. ई-क्लासचे चार भाग पाडून पहिल्या वर्षी नाल्याच्या वरच्या अंगाचे पंधरा एकर घ्यायचे. रायमुनिया रानवाट यांनी सांगितल्याप्रमाणे तोडायची. बेशरम मे महिन्यात नाला कोरडा असताना मुळासकट काढून, खडकावर पूर्ण वाळवून, तेथेच जाळायची. एकही कांडी काठावर ठेवायची नाही. कापण्याचा पहिला हक्क भूमिहीनांचा राहील, हे कलम एका शेळीवाल्या बाईंनी उठून मागितले आणि ते मंजूर झाले. हातमोज्यांचा खर्चही ठरावात लिहिला आहे, अडाणकाठ ताईंना हे मुद्दाम कळवतो.

आता अडचण बियाण्याची आहे. मारवेलचे ठोंब मिळतील. आमच्याच दोन कास्तकारांच्या धुऱ्यावर जुने मारवेल टिकून आहे. पवन्या आणि शेड्याचे बी बाजारात विश्वासाने मिळत नाही. ते हलके, कुसळ असलेले असते, हाताने पेरता येत नाही आणि वाऱ्याने उडते, म्हणून बारीक माती आणि शेण यांत कालवून त्याच्या गोळ्या करून पहिल्या पावसावर टाकाव्या लागतील. पंधरा एकरांना पुरेल एवढे नको, निदान दोन एकरांचे रोपक्षेत्र करता आले तर पुढचे बी आम्हीच धरू. ज्यांच्या परिसरात जुने, न नांगरलेले माळ शिल्लक आहेत त्यांनी कृपया कळवावे.

---

माळरान_कारंजा

सर, आमच्या गावाबाहेर एका जुन्या देवस्थानाची दहा-बारा एकर जमीन आहे. तिच्यावर नांगर फिरल्याचे कोणाच्या आठवणीत नाही, आणि तेथे शेडा आणि पवन्या दोन्ही आहेत. पंचांशी बोललो, एक तृतीयांश तुरे जागीच सोडायचे या अटीवर त्यांची परवानगी आहे. बी साधारण कोजागिरीच्या पुढेमागे पिकते. ते त्याच वर्षी नीट उगवत नाही, त्यामुळे कोरड्या जागी ठेवून पुढच्या मृगावर वापरणे योग्य होईल. आपल्याकडची चार-पाच माणसे विळे आणि सुती पोती घेऊन दोन दिवसांसाठी यावीत. प्लास्टिकच्या पोत्यांत ते घाम धरते आणि बुरशी लागते. राहण्याची व्यवस्था आमच्याकडे होईल.

---

अडाणकाठ

कांसाचे गड्डे हवे असतील तर नाल्याच्या काठासाठी मी देऊ शकते. आमच्या शेताच्या खालच्या टोकाला नदीचा थोडा काठ अजून शाबूत आहे. जूनच्या अखेरीस, जमीन पुरती भिजली की खणून देईन.